कुठे सापडला? केव्हा? काय करत होता?



मे महिना सरत आला आहे. दिवसा पारा पंचेचाळिसाच्या खाली उतरायला तयार नाही. वर्षाचे धान्य घरोघरी येऊन पडले आहे, गच्चीवर गहू वाळत घातला आहे, खिडकीत कूलर चालू आहे आणि मृग लागायला जेमतेम पंधरा दिवस उरले आहेत. घरातल्या किडींबद्दल बोलायला याहून योग्य वेळ नाही. कारण आज आपण जे करू किंवा करणार नाही, त्याचा हिशेब श्रावणात आपल्या घरात फिरताना दिसणार आहे.

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी मला शाळेत विज्ञान शिकवले. आम्ही पोरे आगपेटीत किडे धरून त्यांच्याकडे न्यायचो आणि विचारायचो, “गुरुजी, हा कोणता किडा?” गुरुजी नाव सांगत नसत. आगपेटी उघडायच्या आधीच ते तीन प्रश्न विचारत. कुठे सापडला? केव्हा सापडला? आणि तू धरलास तेव्हा काय करत होता? या तिन्हींची उत्तरे देता आली नाहीत, तर आगपेटी परत हातात. “जा, पुन्हा पाहून ये.” त्या वेळी राग यायचा. आज आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवून झाल्यावर कळते, की किड्याची ओळख त्या तीन प्रश्नांतच होती. नाव नंतर आपोआप येते. आजचे व्याख्यान मी त्या तीन प्रश्नांवरच बांधले आहे.

त्याआधी एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपण कापसाच्या मुलखातली माणसे. आपला शेतकरी कपाशीचे पान उलटे करतो आणि मावा कोणता, तुडतुडा कोणता, फुलकिडा कोणता, पांढरी माशी कोणती, ते उभ्या उभ्या सांगतो. बोंड फोडून आतली गुलाबी अळी दाखवतो. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले. तेव्हापासून आपण ऐकत आलो आहोत, की किडा दिसला रे दिसला की फवारायचे नसते. आधी ओळखायचा, मग झाडावर किती आहेत ते मोजायचे, नुकसानीची पातळी ओलांडली असेल तरच औषधाला हात लावायचा. हे शहाणपण शेतात आहे. तोच माणूस घरी येतो, ओट्यावर काहीतरी पळताना दिसते, आणि काय म्हणतो? “किडा हाय कायचा तरी, हाण चप्पल!” शेतातला किडा नावानिशी ठाऊक, आणि ज्याच्यासोबत आपण जेवतो, झोपतो, तो ‘कायचा तरी’? असे का व्हावे?

तर पहिला प्रश्न. कुठे सापडला?

धान्यापासून सुरुवात करू, कारण या आठवड्यात तेच घरात आहे. गव्हात, ज्वारीत, तांदळात सापडणारा, पुढे सोंड असलेला काळपट तपकिरी किडा म्हणजे सोंडा. मुगाच्या, हरभऱ्याच्या, अख्ख्या तुरीच्या डब्यात सापडणारा, गोलसर, आखूड पाठीचा, हात लावला की चटकन उडणारा तो कडधान्याचा भुंगेरा. आणि रव्यात, मैद्यात, पिठात फिरणारा चपटा, तांबूस किडा तो पिठातला लाल भुंगेरा. तिघांना आपण एकच नाव देतो, ‘किडे झाले’. पण तिघांचे येणे वेगळे, जगणे वेगळे आणि म्हणून उपायही वेगळे.

सोंड्याची मादी गव्हाच्या दाण्याला सोंडेने भोक पाडते, आत एक अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आत जन्मते, आतला गर खाते, आतच कोष करते आणि पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. तोवर दाणा वरून धडधाकट दिसतो. माझ्या समोर बसलेल्या मावशींनी वर्षाचे गहू निवडून, चाळून कोठीत भरले आणि महिन्या-दीड महिन्यात सोंडे निघाले, तर त्यांचे निवडणे कमी पडले असे नाही. किडा कोठीत आलाच नव्हता. तो दाण्यात बसून आला होता.

भुंगेऱ्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. तुरीची शेंग झाडावर वाळत असते तेव्हाच त्याची मादी शेंगेवर अंडी घालते. म्हणजे कीड खळ्यावरून, पोत्यातून, आपल्या हाताने घरात येते. पुढच्या पिढीची अंडी दाण्यावर दिसतात, पांढऱ्या ठिपक्यांसारखी, चिकटलेली. अळी दाणा पोखरते, आणि गोल, कोरल्यासारखे भोक पाडून भुंगेरा बाहेर येतो. आता नीट ऐका. बाहेर आलेला भुंगेरा दाणा खात नाही. तो आठ-पंधरा दिवस जगतो, अंडी घालतो आणि मरतो. खाणारी अळी दाण्याच्या आत असते. मग उडणाऱ्या भुंगेऱ्याच्या मागे लागून काय मिळणार? आपल्या आज्या तुरीची डाळ करून ठेवत आणि तिला एरंडेल तेलाचा हात लावत. का? भुंगेऱ्याला अख्खा दाणा लागतो, फोडलेली डाळ त्याला फारशी मानवत नाही. आणि दाण्यावर तेलाचा पातळ थर असला की अंडी तगत नाहीत. आजीने शास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण ‘कुठे सापडला’ हा प्रश्न तिने पिढ्यान्‌पिढ्या विचारला होता.

लाल भुंगेऱ्याला तर अख्खा, निरोगी दाणा सहसा फोडताच येत नाही. तो पीठ, भरडा, फुटके दाणे यांवर जगतो. तो गव्हाच्या कोठीत दिसला, तर कोठी सांगते आहे, की तुझ्या गव्हात तूस आणि फूट फार आहे, पुन्हा चाळ. पिठाला येणारा तो कुबट वास त्याच्याच अंगातून पाझरणाऱ्या द्रवाचा असतो.

मग उपाय कोणता? आपल्याकडे फुकट मिळणारा सगळ्यात मोठा उपाय या क्षणी बाहेर तापून निवतो आहे. वऱ्हाडाचे ऊन! दाण्यातला ओलावा दहा टक्क्यांच्या खाली गेला की सोंड्याची वाढ खुंटते. तो मोजायला घरात यंत्र लागत नाही. दाणा दाताखाली धरा. ‘कट्’ असा आवाज होऊन तुटला, तर वाळला. नुसता चेपला, तर अजून दोन उन्हे द्या. आणि एक चूक टाळा. संध्याकाळी तापलेले धान्य तसेच गरम कोठीत भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि केलेले सगळे वाया जाते.

धान्याचा विषय निघाला की मला पेव आठवते. या सभागृहातल्या ज्येष्ठांनी पेवे पाहिली असतील. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा आणि भुसा, त्यात ज्वारी, वर दगड आणि मातीने लिंपलेले तोंड. वर्षानुवर्षे ज्वारी टिकायची. कोणते औषध घालत होते? काहीच नाही. बंद तोंडाच्या आत दाणे आणि किडे दोघेही श्वास घेत, आतला प्राणवायू संपत जाई, आणि किडे आपोआप मरत. म्हणूनच पेव उघडले की लगेच आत उतरायचे नाही, ही सक्त ताकीद असे. हवा खेळू दिल्याशिवाय उतरलेली माणसे दगावलेली आहेत. आज बाजारात हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांत हेच तत्त्व आहे. भाषेत आपण एखाद्या गोष्टीचे ‘पेव फुटले’ म्हणतो. पेवच राहिले नाही, तेव्हा शब्द तरी लक्षात ठेवू आणि त्यातले शास्त्रही.

आता धान्याकडून लाकडाकडे. परकोटाच्या आतल्या जुन्या घरांत मेळघाटच्या सागाच्या तुळया होत्या. पिढ्या गेल्या, तुळया उभ्या राहिल्या. त्यातून आपण एक समज करून घेतला, की सागाला वाळवी लागत नाही. मग नव्या घराचे सागवानी दार पाच वर्षांत पोकळ का झाले? कारण सागाच्या खोडाचा मधला, गडद भाग म्हणजे गाभा वाळवीला नकोसा असतो. बाहेरचा फिकट भाग ती आवडीने खाते. जुन्या तुळया मोठ्या, वयस्क झाडांच्या गाभ्याच्या होत्या. आजची चौकट कोवळ्या झाडाची असेल, तर तिच्यात पांढरा भाग बराच असतो. सुताराकडे जाल तेव्हा ‘साग आहे का’ एवढे विचारून थांबू नका. ‘गाभ्याचा आहे का’ हेही विचारा.

वाळवीची खूण कोणती? भिंतीवर, चौकटीवर चढत गेलेली मातीची बारीक नळी. वाळवीला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून ती स्वतःसाठी झाकलेली, ओलसर वाट बांधते. ती नळी फोडून फडक्याने पुसून टाकली की आपल्याला वाटते काम झाले. पण दिसते ती नुसती वाट. तिचे घर जमिनीत आहे, आणि घराला ओल मिळते आहे. कुठून? न्हाणीचे गळके पाणी, भिंतीला लागून लावलेली झाडे, पायथ्याशी रचलेला लाकूडफाटा. आधी ती ओल तोडा. पुस्तकांचेही तसेच. पानांवर माती आणि आरपार खाल्लेला भाग असेल तर वाळवी. पानाचा वरचा थर आणि बांधणीची खळ खरवडलेली असेल तर कसर, तोच चंदेरी, सुळकन पळणारा किडा. एकीचा बंदोबस्त जमिनीत करायचा, दुसरीचा कपाटात.

दुसरा प्रश्न. केव्हा सापडला?

पंधरा दिवसांनी मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडेल. त्या संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाल्या किड्यांचा थवा येईल आणि सकाळी उंबऱ्याशी पंखांचा खच दिसेल. आपण म्हणू, ‘पंखवाल्या मुंग्या आल्या.’ तसे म्हणून विसरू नका. खाली वाका, एक उचलून हातावर घ्या. चारही पंख सारख्या लांबीचे, कंबर जाड, मिशा सरळ, मण्यांच्या माळेसारख्या, तर ती वाळवी. पुढचे पंख मोठे, मागचे लहान, कंबर चिमटीएवढी, मिशा कोपरातून वाकलेल्या, तर ती मुंगी. मुंगी असेल तर झाडून टाका, चिंता नको. वाळवी असेल आणि पंख घराच्या आतल्या कोपऱ्यात, बंद खिडकीखाली पडले असतील, तर ते थवे घरातूनच निघाले आहेत. वर्षातल्या त्या एका संध्याकाळी वाळवी स्वतः येऊन आपल्याला पत्ता सांगते. आपण ट्यूबलाइट बंद करून झोपून जातो.

आणि वाळवी मुंगीच्या कुळातली नाहीच. तिचे नाते झुरळाशी आहे. नागपंचमीला आपण ज्या वारुळाला पुजतो, तेही बहुतेक वाळवीनेच बांधलेले असते. नाग तिथे नंतर राहायला येतो, ‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण निसर्गात शब्दशः खरी आहे. त्या वारुळाच्या पोटात वाळवी पालापाचोळ्यावर बुरशीची शेती करते. पूर्व विदर्भात पावसाळ्यात लोक ज्या सात्या आवडीने खातात, त्या त्याच शेतीतून उगवतात. शेतात, रानात वाळवी मेलेले लाकूड परत मातीला देते. ती शत्रू कधी होते? आपल्या चौकटीला लागते तेव्हा. तेवढेच तिला अडवायचे.

‘केव्हा’ हा प्रश्न सगळ्यात जास्त उपयोगी पडतो तो डासांच्या बाबतीत. दिवसा चावला की रात्री? दिवसा, विशेषतः सकाळी आणि संध्याकाळच्या आधी, पायाच्या घोट्याजवळ चावणारा, अंगावर-पायांवर पांढरे पट्टे असलेला काळा डास म्हणजे एडिस. डेंग्यू आणि चिकुनगुन्या त्याचे. रात्री कानाशी गुणगुणणारा, तपकिरी, गटारीच्या घाण पाण्यातला तो क्युलेक्स, हत्तीपाय रोग पसरवणारा. आणि भिंतीवर बसताना डोके खाली, मागचा भाग वर असा तिरका बसणारा तो ॲनोफिलिस, हिवतापाचा. याच ॲनोफिलिसच्या पोटात हिवतापाचा परजीवी रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत २० ऑगस्ट १८९७ रोजी दिसला.

आता आपल्या खिडकीकडे पाहा. एडिसला गटार नको असते. त्याला स्वच्छ, साचलेले, सावलीतले पाणी हवे. वऱ्हाडात ते कुठे मिळते? कूलरच्या टाकीत! जिथे नळ रोज येत नाही तिथल्या रांजणात, पिंपात, गच्चीवरच्या उघड्या टाकीत! आपल्या उन्हाळ्याने आणि आपल्या पाणीटंचाईने मिळून या डासाला घर बांधून दिले आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून तर आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगतात. दहा दिवसांचे चक्र सातव्या दिवशी तोडले की डास उडतच नाही.

पण टाकी नुसती रिकामी करून भागत नाही, आणि हे मला आज सगळ्यात मोठ्याने सांगायचे आहे. एडिसची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी ओतून दिले, कूलर माळ्यावर टाकला, तरी ती अंडी कोरडी राहून महिनोन्‌महिने जिवंत असतात. पुढच्या एप्रिलमध्ये आपण त्याच टाकीत पाणी भरतो आणि ती फुटतात. टाकी घासा. ब्रशने, चारही बाजूंनी, काठापर्यंत घासा. २००६ साली चिकुनगुन्याने महाराष्ट्रातल्या घराघरांत माणसे कमरेतून वाकवली. त्या वर्षी आपण धूर सोडणाऱ्या गाडीची वाट पाहत बसलो होतो, आणि डास आपल्या खिडकीत जन्मत होता.

झुरळालाही हाच प्रश्न विचारा. मोठे, तांबूस, रात्री न्हाणीच्या जाळीतून वर येणारे झुरळ गटारीत राहते. जाळीला बारीक झाकण बसवा, त्याची वाट बंद. लहान, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेले झुरळ मात्र स्वयंपाकघरातच जन्मते. त्याला पोट आणि पाठ दोन्हीकडून घट्ट टेकेल अशी फट लागते: गॅसच्या शेगडीखाली, फ्रिजच्या रबरात, कपाटाच्या बिजागरीत. ते भर दिवसा ओट्यावर दिसले, तर समजा की फटींत जागा उरलेली नाही. त्याला जर्मन झुरळ म्हणतात. पण २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले, की हे झुरळ सुमारे २१०० वर्षांपूर्वी भारत-म्यानमारच्या परिसरात माणसाच्या वस्तीला चिकटले आणि इथून जगभर गेले. ते रानात जवळपास सापडतच नाही. आपले घर हेच त्याचे रान आहे.

तिसरा प्रश्न. काय करत होता?

गुरुजींच्या मते हा सगळ्यात अवघड प्रश्न, कारण त्यासाठी मारायच्या आधी थांबून पाहावे लागते. भिंतीवरची पाल काय करत असते? दिव्याखाली किडे टिपत असते. ती विषारी नाही. पाल पडलेले अन्न टाकून द्यावे, कारण तिच्या अंगावर, विष्ठेत रोगजंतू असू शकतात. पण तिच्यात विष नाही. मनात शंकेची पाल चुकचुकते ती आपल्या भाषेत. खऱ्या पालीने आपले काही बिघडवलेले नाही. मुंग्या काय करत असतात? रांगेने चालतात, कारण पुढच्या मुंगीने वासाची रेघ ओढलेली असते. रांगेवर विषारी पूड टाकण्याऐवजी साबणाच्या पाण्याने रेघ पुसा आणि ती ज्या साखरेच्या डब्याकडे जाते त्याचे झाकण घट्ट करा. उंदीर काय करतो? कुरतडतो, कारण त्याचे पुढचे दात जन्मभर वाढतात. नव्या पिंजऱ्याकडे तो दोन-चार दिवस फिरकत नाही, कारण नवी वस्तू त्याला खटकते. म्हणून पिंजरा भिंतीलगत, एकाच जागी, धीर धरून ठेवायचा. आणि साधी पेन्सिल जाईल एवढी फट लहान उंदराला पुरते, म्हणून पिंजऱ्याआधी दाराखालची फट बुजवायची.

उंदीर ‘काय करत होता’ हे पाहण्याने या देशात माणसे वाचली आहेत. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, पुढे पुण्यात, आणि वऱ्हाडालाही त्याने सोडले नाही. घरात उंदीर पडायला लागले, म्हणजे मरून पडायला लागले, की लोक घरदार सोडून शेतात झोपड्या घालून राहत. शास्त्रज्ञांनी कारण सांगितले नव्हते, तेव्हाही लोकांनी संबंध जोडला होता. १८९८ साली पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने कराचीत तो धागा पकडला. उंदीर मेला की त्याचे अंग थंड होते, अंगावरची पिसू नवे गरम शरीर शोधते आणि माणसावर येते. मरून पडलेल्या उंदराकडे पाहून जे गावाबाहेर पडले, ते किड्याच्या सवयीवर विसंबून वाचले. मेलेला उंदीर हाताने उचलू नये, ही शिकवण तेव्हाची आहे आणि आजही खरी आहे.

तीन प्रश्न झाले. आता विषाबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही.

माझ्या लहानपणी गावी बाजेच्या सांध्यांत ढेकूण झाले होते. वडिलांनी कपाशीवर मारायचे औषध आणले आणि सांध्यांत ओतले. त्या रात्री धाकटी बहीण त्या बाजेवर झोपली. पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या, तोंडाला फेस आला. बैलगाडीतून तालुक्याला नेले. ती वाचली. आणि ढेकूण? पंधरा दिवसांनी परत आले. मेले होते ते मोठे ढेकूण. सांध्यात चिकटलेली अंडी शाबूत होती, आणि ती दहा-बारा दिवसांत फुटली. जे औषध अंड्यापर्यंत पोचले नाही, ते माझ्या बहिणीच्या रक्तापर्यंत पोचले. वडील वाईट नव्हते. त्यांना ढेकूण माहीत नव्हता.

ढेकूण उपाशीपोटी महिनोन्‌महिने जगतो, पण पन्नास अंश उष्णतेत तो आणि त्याची अंडी काही मिनिटांत मरतात. मे महिन्यात आपल्या गच्चीवरची लोखंडी खाट याहून कितीतरी जास्त तापते. सांध्यांत उकळते पाणी, मग दोन दिवस कडक ऊन, गादी दोन्ही बाजूंनी उलटून. वऱ्हाडात ढेकणाला विष ओतायची गरजच काय होती?

आणि विषाचा इतिहास काय सांगतो? डीडीटी किडे मारते हे पॉल म्युलर यांनी १९३९ साली शोधले आणि १९४८ साली त्यांना नोबेल मिळाले. पण १९४७ सालीच हवाईतल्या लष्करी बराकींत डीडीटीला न जुमानणारे ढेकूण आढळले होते. आपल्या देशात १९४७ च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत. १९५३ पासून घराघरांत डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ च्या सुमारास रुग्ण एक लाखावर आले. केवढे मोठे यश! त्या फवारणीने लाखो जीव वाचवले, हे कृतज्ञतेने सांगितलेच पाहिजे. मग आपण ढिले झालो, डास विषाला सरावले, आणि १९७६ साली रुग्ण पुन्हा चौसष्ट लाखांवर गेले. कपाशीत गुलाबी बोंडअळीने आपल्याला हेच शिकवले नाही का? एकाच शस्त्रावर विसंबलात, की शत्रू ते शस्त्र पचवतो.

२०१७ चा पावसाळा आपण विसरू शकत नाही. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो आजारी पडले. ते उघड्या शेतात, वाऱ्यात होते. तेच औषध आपण दारे लावून, पंखा बंद करून, झोपायच्या खोलीत मारतो? धान्याच्या कोठीत ठेवायच्या ‘पावडरच्या गोळ्या’ म्हणून जे मिळते, त्यातला ॲल्युमिनियम फॉस्फाइड हवेतल्या ओलाव्याने विषारी वायू सोडतो. तो घरगुती वापरासाठी नाही. झोपायच्या खोलीत ठेवलेल्या कोठीत तो घालणे म्हणजे आपल्याच लेकरांच्या उशाशी विष ठेवणे. झुरळाचा खडू पोरांच्या पाटीच्या खडूसारखा दिसतो. शेतातल्या औषधाचा रिकामा डबा घरात पाण्याला, धान्याला वापरू नका. मी हात जोडून सांगतो, वापरू नका.

मग औषध कधीच नाही? आहे, पण शेवटी. शेतातल्याप्रमाणे घरातही नुकसानीची पातळी ठरवा. एक पाल, चार मुंग्या, कोपऱ्यातला एक कोळी ही पातळी नाही. कूलरमध्ये वळवळणाऱ्या अळ्या, चौकटीवरची मातीची नळी, भर दिवसा दिसलेले लहान झुरळ ही पातळी आहे. तिथे उशीर करू नका, आणि गरज पडली तर जाणकार माणूस बोलवा.

सारांश सांगतो. किडा आपल्या घरात वैर धरून येत नाही. तो तीन गोष्टींसाठी येतो: पाणी, अन्न आणि फट. तो कुठे, केव्हा, काय करताना सापडला हे पाहिले, की त्याला यातले काय मिळाले ते कळते. ते काढून घेतले की विष लागत नाही.

म्हणून आज घरी जाताना तीन कामे घेऊन जा. उद्या सकाळी कूलरची टाकी काढा आणि काठापर्यंत घासा. परवा गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहा आणि लागेल तेवढी उन्हे द्या. आणि मृगाचा पहिला पाऊस पडेल त्या संध्याकाळी, दिवा बंद करण्याआधी, घरातल्या लहान पोरासोबत उंबऱ्याशी बसा आणि एक पंख हातावर घ्या. नाव माहीत नसेल तरी चालेल. पोराच्या हातात रिकामी आगपेटी द्या आणि त्याला विचारा: कुठे सापडला? केव्हा? काय करत होता?